1930 चे सोलापूर, ओपन वर्ल्ड आरपीजी आणि नकाशाचा आकार

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातील चार तरुणांचा एक गट 1930 च्या मे-जूनमधील मार्शल लॉच्या काळावर ओपन वर्ल्ड आरपीजी, म्हणजे खेळाडूला मोकळ्या जगात हवे तिकडे फिरत एका पात्राची भूमिका जगता येईल असा व्हिडिओ गेम, बनवू पाहतो आहे. नायक गिरणी कामगाराचा मुलगा आहे. गटातील दोघांचे म्हणणे असे की शहराबरोबर पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट असा सगळा मुलूख नकाशात हवा, कारण ओपन वर्ल्ड म्हटले की खेळाडू पहिल्यांदा नकाशा किती मोठा हेच विचारतात. उरलेल्या दोघांना दोन-चार पेठाच घ्यायच्या आहेत, पण त्या जिवंत करायच्या आहेत. यांपैकी कोणाचे ऐकावे?

माझा कल दुसऱ्या जोडीकडे आहे, मात्र त्यांचे कारण मला पुरेसे वाटत नाही. नकाशा लहान ठेवला की खोली, म्हणजे जगाचा सखोलपणा, आपोआप येते, हा समज मी अनेक नवख्या गटांत पाहिला आहे. लहान नकाशावरही पन्नास मुकी दुकाने, न उघडणारी दारे आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलणारी माणसे असू शकतात. खोलीचा संबंध चौरस किलोमीटरशी थेट नाही. खेळाडूने एखादी गोष्ट केली, तर तिला जगातून किती जण, किती वेगवेगळ्या तऱ्हेने आणि किती काळ उत्तर देतात, यावर ती ठरते. विस्तार म्हणजे अशा गोष्टी करण्याच्या जागा किती. म्हणून मी गटाला नेहमी आधी एवढेच विचारते की तुमच्या गेममध्ये खेळाडू काय काय करू शकतो आणि त्याची दखल कोण घेते. याचे उत्तर कागदावर आले की नकाशाची हद्द त्यातून बरीचशी ठरून जाते.

या वादाला आपल्या क्षेत्रात जुना इतिहास आहे. बेथेस्डा या कंपनीचा डॅगरफॉल हा गेम 1996 मध्ये आला, तेव्हा त्याच्या जगाचे क्षेत्रफळ सुमारे 1,61,600 चौरस किलोमीटर असल्याचे सांगितले जात होते आणि त्यात गावे, तळघरे, देवळे मिळून पंधरा हजारांच्या वर ठिकाणे होती. ती अर्थातच हाताने रचलेली नव्हती. ठरावीक तुकडे नियमांनुसार जोडून संगणकाने ती तयार केली होती. त्याच कंपनीने 2002 मध्ये मॉरोविंड काढला, तो एका बेटापुरता, डॅगरफॉलच्या हजाराव्या भागाहूनही लहान. पण तिथली प्रत्येक गुहा, प्रत्येक पेटारा कोणीतरी विचार करून ठेवलेला होता, आणि कुठे जायचे हे बाणाने न दाखवता पात्रांच्या बोलण्यातून आणि नायकाच्या रोजनिशीतून कळत होते. डॅगरफॉलला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. अनोळखी प्रदेशात हरवून जाण्याचा जो अनुभव त्याने दिला, तो खराच होता. तरीही त्यातले एखादे विशिष्ट खेडे नावानिशी आठवणारा खेळाडू मला क्वचितच भेटला आहे. मॉरोविंडमधल्या पहिल्या बंदरगावाचे, सैदा नीनचे, रस्ते मात्र लोक आजही मनात चालून येतात.

जर्मनीच्या पिरान्हा बाइट्स कंपनीचा गॉथिक हा गेम 2001 चा. जादुई कुंपणाने वेढलेली खाणींची एक दरी, एवढाच त्याचा नकाशा. त्यातली माणसे सकाळी उठतात, कामाला जातात, संध्याकाळी शेकोटीपाशी बसतात, रात्री झोपतात. तुम्ही तलवार उपसून त्यांच्यासमोर उभे राहिलात तर ती म्यान करायला सांगतात, विचारल्याशिवाय झोपडीत शिरलात तर बाहेर हुसकतात. नियम मोजकेच आहेत, पण ते पहिल्या दहा मिनिटांत खेळाडूच्या लक्षात येतात आणि त्यानंतर तो त्या छावणीत शिस्तीने वागू लागतो. इतक्या वर्षांपूर्वीच्या, आज ओबडधोबड दिसणाऱ्या त्या गेममधून तुमच्यासारख्या छोट्या गटाला शिकण्यासारखे फार आहे.

इथे दोन प्रकारच्या खोलीत फरक करायला हवा, कारण त्यांचा खर्च वेगवेगळ्या हिशेबाने वाढतो. एक खोली हाताने लिहिलेली असते: अमक्या घरातली अमकी व्यक्ती, तिची गोष्ट, तिचे संवाद, तिचा शेवट. नकाशा दुप्पट केला की हे काम दुप्पट होते, त्यात सूट नाही. दुसरी खोली नियमांतून येते. निन्टेन्डोच्या 2017 मधील ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये गवताला आग लागते, आगीतून वर जाणारा वारा तयार होतो, त्या वाऱ्यावर नायक छत्रीसारखा पंख उघडून उंच जातो. वादळात धातूचे हत्यार अंगावर असेल तर वीज पडते. हे नियम एकदा लिहिले की जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात लागू होतात. तो गेम विस्तीर्ण असूनही उथळ का वाटत नाही, याचे मोठे कारण हे आहे. त्याच गेममध्ये खेळाडूने शोधून गोळा करायच्या 900 ‘कोरोक बिया’ही लपवलेल्या आहेत, आणि त्या शोधताना शेवटी शेवटी जो कंटाळा येतो, तो विस्ताराची मर्यादा दाखवतो. पण त्या सगळ्या गोळा करणे निर्मात्यांनी कधीच सक्तीचे केले नव्हते.

संगणकाकडून क्वेस्ट, म्हणजे खेळाडूला सोपवायची कामे, तयार करून घेण्याचा मार्गही तुमच्यापैकी कोणीतरी सुचवलेला असणार. बेथेस्डाच्याच स्कायरिमने 2011 मध्ये तो वापरला. साचा ठरलेला, त्यात गुहेचे नाव आणि मारायच्या शत्रूचे नाव तेवढे बदलायचे, आणि काम कधी संपतच नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी खेळाडूला साचा दिसू लागतो आणि मग आधीच्या हाताने लिहिलेल्या कामांबद्दलही त्याच्या मनात शंका येते. मार्शल लॉमधल्या सोलापुरात ‘अमक्या पेठेतून तमक्याला निरोप पोचवा’ अशी अखंड कामे निघू लागली, तर त्या काळाचे गांभीर्य एका संध्याकाळी संपेल. हा मार्ग घेऊ नका.

आता हिशेब. आरपीजीतला नायक साधारण सेकंदाला 5 मीटर पळतो असे धरू. खेळाडूला दर 40 सेकंदांनी काहीतरी लक्ष वेधणारे भेटावे अशी अपेक्षा ठेवली, तर दर 200 मीटरवर एक ठिकाण हवे, म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये 25. एका ठिकाणाची रचना, लेखन, आवाज आणि तपासणी मिळून एका माणसाचे 10 दिवस लागतात असे अगदी हात आखडून धरले, तरी एका चौरस किलोमीटरला 250 दिवस होतात. चौघे मिळून ते सुमारे तीन महिन्यांत उरकतील. 16 चौरस किलोमीटरला 4,000 दिवस, म्हणजे चौघांची सुमारे चार वर्षे. सोलापूर जिल्हा सुमारे 14,900 चौरस किलोमीटरचा आहे. त्याची ठिकाणे पावणेचार लाखांच्या घरात जातात. अर्थात कोणताही गेम भूगोल जसाच्या तसा घेत नाही, अंतरे आक्रसून घेतो. पण आक्रसून दहावा हिस्सा केला तरी हा आकडा तुमच्या आवाक्यात येत नाही, आणि त्याहून जास्त आक्रसले तर पंढरपूर सोलापूरच्या वेशीवर येऊन बसते.

16 हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. चेक प्रजासत्ताकातील वॉरहॉर्सच्या किंगडम कम: डिलिव्हरन्सचा नकाशा जवळपास तेवढाच आहे. 1403 मधला बोहेमिया, लोहाराचा मुलगा नायक, जादू नाही, राक्षस नाहीत. तुमच्या कल्पनेला याहून जवळचा नमुना मला दुसरा दिसत नाही. त्यांनी 2014 मध्ये लोकवर्गणी मागितली आणि गेम 2018 मध्ये आला, तोही मोठ्या चमूच्या बळावर. त्यातला नायक सुरुवातीला निरक्षर असतो. पुस्तक उघडले तर अक्षरे उलटसुलट दिसतात, आणि एका लेखनिकाकडे बसून शिकल्यावर ती जुळू लागतात. कपड्यांवर रक्त किंवा चिखल असेल तर लोक वेगळे वागतात. या दोन्ही गोष्टींना नकाशावर एक इंचही जागा लागत नाही.

तुमच्या विषयात अशा गोष्टी विपुल आहेत, आणि त्या तुम्ही वापरत नाही आहात याचे मला वाईट वाटते. मला त्यांपैकी तीन महत्त्वाच्या वाटतात: भोंगा, टोपी आणि भाषा.

गिरणीचा भोंगा हे त्या शहराचे घड्याळ होते. तो तुमच्या गेमचेही घड्याळ करा. दूरच्या पात्रांचे आयुष्य दर सेकंदाला मोजत बसणे छोट्या गटाला परवडत नाही. त्याऐवजी प्रत्येक भोंग्याला सगळ्या गल्ल्यांची स्थिती एक पाऊल पुढे सरकवायची. पाळी सुटली, रस्ते भरले. भोंगा वाजलाच नाही, तर संप आहे हे खेळाडूला कोणी सांगावे लागणार नाही. कर्फ्यू लागल्यानंतर भोंगा वाजून लोक घराबाहेर पडू शकत नाहीत, तेव्हा तोच आवाज वेगळा ऐकू येतो. इंजिनसाठी, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, ही एक साधी घटना आहे, पण खेळाडू दहा मिनिटांत तिच्याकडे कान लावून राहू लागेल.

टोपी ही एकच वस्तू आहे. मार्शल लॉ 12 मे ते 30 जून 1930 असा होता आणि त्या काळात तिरंगा व गांधी टोपी यांवर सरकारचा डोळा होता. नायकाच्या डोक्यावर टोपी आहे, खिशात आहे की घरी आहे, एवढ्या तीन स्थिती पुरतात. शिपाई, दुकानदार, गिरणीतला जॉबर म्हणजे मुकादम, शेजारची मुले, प्रत्येकाने तिला आपापल्या परीने उत्तर द्यायचे. तीच टोपी एका गल्लीत दार उघडून देते आणि दुसऱ्या गल्लीत दार लावून घेते. याला वेगळी क्वेस्ट लिहावी लागत नाही.

भाषेबद्दल मी अधिक आग्रही आहे. हे शहर तेव्हाही मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषांत जगत होते, शिवाय उर्दू आणि दख्खनी होतीच. इतर ठिकाणच्या आरपीजीत तलवारबाजीची पातळी वाढते, तशी तुमच्याकडे कानडीची वाढू द्या. संवाद तिपटीने लिहावे लागतील ही भीती अनाठायी आहे. अभिवादन, भाव करणे, निरोप देणे आणि धोक्याची सूचना एवढेच प्रसंग भाषेनुसार बदलले तरी पुरे. परक्या मुलखातून आलेल्या शिपायांना या तिन्ही भाषा कळत नाहीत, हे खेळाडूच्या एकदा ध्यानात आले की तो चौकात उभा राहून त्यांच्या देखत निरोप देऊ लागेल, आणि हे त्याला कोणत्याही सूचनेतून न शिकवता.

हे नियम एका पात्रात कसे एकत्र येतात ते पाहू. शहराच्या पूर्व भागातील एका पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या, घराच्या उंबऱ्यात एक आजी सुताच्या कांड्या भरत बसलेली आहे. आत हातमाग चालू आहे, त्याचा ठेका रस्त्यावर ऐकू येतो. ती गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला पाहते. मराठीत विचारले तर ती तुटक उत्तर देते. तेलुगूत विचारले तर सकाळपासून कोण आले, कोण गेले ते सांगते, पण तुमच्या अंगावर टोपी असेल आणि कोपऱ्यावर शिपाई असेल तर मान खाली घालून कांडीच भरत राहते. सूत आणून दिले असेल तर ती ते विसरत नाही. तिच्या घरासमोर तुम्ही कोणाला पकडून दिले असेल, तर दुसऱ्या दिवशी उंबरा रिकामा असतो आणि आतला माग मात्र चालूच असतो. तांत्रिकदृष्ट्या हिच्यासाठी वेगळी स्मृती लागत नाही. स्मृती गल्लीची ठेवा: प्रत्येक गल्लीची एक छोटी वही, तिच्यात अलीकडच्या आठ-दहा घटना, आणि गल्लीतले प्रत्येक पात्र त्या वहीतून आपल्याला माहीत असायला हवे तेवढेच वाचते. भोंग्याबरोबर शेजारच्या वहीत एखादी नोंद जाते, म्हणजे अफवा पसरते. सेव्ह फाइल लहान राहते आणि चुका शोधणेही सोपे होते. दर पात्राला स्वतंत्र स्मृती देऊन दहा हो-नाही प्रकारच्या नोंदी ठेवल्या, तर एका पात्राच्याच 1,024 स्थिती होतात. त्या चौघांनी कधी तपासायच्या?

याच्या उलट बाजूची एक सूचना करणे आवश्यक आहे. खेळाडूला न दिसणारी खोली ही नसलेल्या खोलीसारखीच असते. सुताचा भाव, गिरणीचा साठा, सावकाराचे व्याज यांचे बारीक गणित तुम्ही पडद्याआड चालवले आणि त्याचा परिणाम कोणाच्या बोलण्यात, कपड्यात किंवा चुलीत दिसला नाही, तर ती मेहनत वाया जाते. प्रोग्रॅमरला असे गणित रचण्यात आनंद मिळतो, हे मी जाणते, पण प्रत्येक नियमाला दिसणारे किंवा ऐकू येणारे टोक हवेच.

या विषयात आणखी एका मर्यादेचा विचार करावा लागेल. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. हा निकाल खेळाडूच्या निवडीवर सोडू नका आणि या चौघांना खेळाडूच्या हातातली पात्रेही करू नका. सर्व काही बदलता येणे म्हणजे खोली, असे काही डिझायनर मानतात. मला ते पटत नाही. इतिहास ठाम ठेवून, नायकाच्या घराचे, गल्लीचे, मैत्रीचे काय होते ते बदलू दिले, तर निवडींचे वजन वाढते. शिवाय मुख्य घटना स्थिर असल्याने शाखांची संख्या आटोक्यात राहते.

मग विस्ताराला स्थानच नाही का? आहे, जिथे अंतराचेच काही काम असते तिथे. पंढरपूर सोलापुरापासून सुमारे 70 किलोमीटर आहे; सेकंदाला 5 मीटरने नायकाला तिथे पोचायला चार तास लागतील आणि वाटेत तुमच्या कथेचे काहीच घडणार नाही. ते सोडून द्या. बार्शीही सोडून द्या. अक्कलकोटचे मात्र तसे नाही. 1930 मध्ये अक्कलकोट हे संस्थान होते, म्हणजे तो रस्ता एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात जातो. पळून जाणाऱ्या माणसासाठी, पत्रके लपवून नेणाऱ्या मुलासाठी त्या हद्दीला अर्थ आहे, आणि तिथवर पोचायला वेळ लागणे हाही त्या अर्थाचा भाग आहे. पहिल्या जोडीच्या म्हणण्यात मला तथ्य दिसते ते इथे. तो सगळा प्रदेश रचण्याची गरज नाही. एक बैलगाडीचा रस्ता, एक नाका, रात्र, आणि पलीकडे दोन-चार घरे एवढे पुरेसे आहे. या रस्त्यावर फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे न चालता क्षणात पोचण्याची सोय, ठेवू नका. शहरात रेल्वे आहेच, पण स्टेशनवर झडती होते, त्यामुळे जलद प्रवासाची किंमतही कथेतूनच वसूल होईल.

शहराच्या आतल्या नकाशासाठी किल्ला, सिद्धेश्वर तलाव, मंगळवार पेठ, पूर्व भागातील दोन गल्ल्या आणि एका गिरणीचे फाटक एवढेच घ्या आणि ते सर्व आक्रसून एका चौरस किलोमीटरच्या आसपास बसवा. आक्रसताना मोजपट्टी म्हणून स्वतःचे पाय वापरा. ब्रेथ ऑफ द वाइल्डचे दिग्दर्शक फुजिबायाशी यांनी आपल्या जगाचे प्रमाण ठरवताना आपल्या ओळखीच्या क्योटो शहराचा नकाशा त्यावर ठेवून पाहिला होता, कारण तिथली कोणती जागा कोणत्या जागेपासून किती दूर वाटते हे त्यांना ठाऊक होते. तुम्हाला तर ही सोय विनासायास मिळालेली आहे. सकाळी रहदारी वाढण्यापूर्वी सिद्धेश्वर मंदिरापासून मंगळवार पेठेत आणि तिथून पूर्व भागात घड्याळ लावून चालत जा; किल्ल्याची भिंत कुठे दिसेनाशी होते, मागांचा आवाज कुठे सुरू होतो, कोणत्या वळणावर बोलण्याची भाषा बदलते, ते टिपून ठेवा. आजचे रस्ते 1930 चे नाहीत, पण वाटणारे अंतर आणि उतार पुष्कळ अंशी तेच आहेत.

कामाचा क्रम असा ठेवावा असे मला वाटते. निन्टेन्डोने तो मोठा गेम बनवताना नियम तपासण्यासाठी आधी साधा द्विमितीय नमुना केला होता. तुम्हीही त्रिमितीय कलाकामाला हात लावण्यापूर्वी चौकोनी ठोकळ्यांची एकच गल्ली करा: एक उंबरा, एक दुकान, एक शिपाई, भोंगा, टोपी आणि दोन भाषा. ती शहराबाहेरच्या, सोलापूर न पाहिलेल्या माणसाला खेळायला द्या आणि शेजारी बसून काहीही न सांगता बघा. तो कंटाळून ‘पुढची गल्ली कुठे आहे’ असे विचारू लागला, तर नियम अजून अपुरे आहेत आणि नकाशा वाढवल्याने ते पुरे होणार नाहीत. तो त्याच गल्लीत टोपी घालून, मग काढून, मग दुसऱ्या भाषेत बोलून परत परत फिरू लागला, तर दुसरी गल्ली जोडा, तिची वही पहिलीला जोडा आणि अफवा एका गल्लीतून दुसरीत नीट जाते की नाही ते तपासा. अक्कलकोटचा रस्ता सगळ्यात शेवटी घ्या, शहरातील कर्फ्यूची रात्र पूर्ण खेळून झाल्यावर, कारण त्या रात्री काय काय मागे सोडावे लागते हे पक्के झाल्याशिवाय नाक्यापलीकडची ती दोन-चार घरे कशी दिसावीत हे तुम्हाला ठरवता येणार नाही.